सुकट मासा आहे का?

(पारनेर येथे दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पालकांसाठी झालेल्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

मंचावरचे मान्यवर, समोर बसलेल्या अम्मी-अब्बांनो, मावश्यांनो, काकांनो, आणि मागे दाराशी उभं राहून हे कधी संपतंय याची वाट बघणाऱ्या मुलांनो,



निमंत्रण द्यायला ज्या भाईंचा फोन आला त्यांनी विचारलं, "ताई, पत्रिकेत विषय काय छापू?" मी म्हटलं, सागरी जीवशास्त्र. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, आपल्याकडं टँकर येतो."

त्यांचं बरोबरच आहे. पारनेरपासून समुद्र साधारण दोनशे किलोमीटर. मध्ये सह्याद्री. समुद्रावरून निघालेला ढग घाटावर आपली झोळी रिकामी करतो आणि आपल्याकडे नुसता वारा पाठवतो. पण माझं म्हणणं असं, की समुद्र पारनेरला दर आठवड्याला येत होता. गोणपाटावर बसून यायचा, आठवडे बाजारात, लसणाच्या आणि मिरचीच्या पलीकडे. सुकट, बोंबील, वाकटी. तुमच्यापैकी किती जणांच्या घरात आजही सुकटीची चटणी होते? हात वर करा. बघा. आणि म्हणे पारनेरात समुद्र नाही!

आमच्या घरात या सुकटीवरून भांडण होतं. अम्मी सुकट आणायची, सुपात घेऊन निवडायची, भाजायची. अब्बा खायचे, आम्ही पोरं खायचो. दादी मात्र ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायची. "मछली नै है बा ये, कीडा है." ज्यांच्या घरी हा विषय निघालेला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण इकडचे बहुतेक हनफी. हनफी मसलकात पाण्यातल्या जिवांपैकी मासा तेवढा चालतो. मग झिंगा मासा की नाही, यावर उलेमांमध्ये फार जुना वाद आहे. काही म्हणतात लोक त्याला मासळीच म्हणतात, तर मासळीच. काही म्हणतात नाही. दादी 'नाही'वाली. अम्मी म्हणायची, बाजारात मासळीच्या ओळीतच तर बसते ती बाई.

मी अकरावीत होते. विज्ञान शाखा, बायोलॉजी घेतलेली. मला वाटलं या भांडणाचा निकाल लावता येईल. आमच्या सरांना वर्गात विचारलं, "सर, सुकट मासा आहे का?" पोरं हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "घेऊन ये, बघू."

वहीच्या कागदात पुडी बांधून नेली. सरांनी काचेच्या बशीत पाणी घालून ती रात्रभर भिजत ठेवायला लावली. दुसऱ्या दिवशी भिंगाखाली धरली तर ती वाळकी कुडमुड उघडली होती. देठावर बसवलेले काळे डोळे. शरीराच्या दोन-तीन पट लांब मिशा. पाठीचा कणा नाही, खवले नाहीत. अंगावर वळ्या-वळ्यांचं कवच. सर म्हणाले, "मासा नव्हे. संधिपाद. झुरळ, विंचू, खेकडा यांच्या खानदानातला." म्हणजे दादी जिंकली! घरी सांगितलं तेव्हा दादीनं अम्मीकडे असं बघितलं की अम्मीनं तीन दिवस सुकट केली नाही. चौथ्या दिवशी केली.

पण मला सांगायची गोष्ट ही नाही. सर म्हणाले, कोळंबी-झिंग्यांचा गट म्हणजे दशपाद, दहा पायांचे. मोज. मी मोजले. चालायचे पाय सहाच भरले. दुसरी घेतली, सहा. दहा-बारा सुकटी मोजल्या. सर म्हणाले वाळताना तुटले असतील. मी गप्प बसले, पण मनात आलं, सगळ्यांचे तेच चार पाय कसे तुटतील? आठवड्यानं सरांनी स्वतःच मला बोलावलं. ते पुस्तक शोधून आले होते. आपली सुकट म्हणजे कोकणात ज्याला जवळा म्हणतात तो प्राणी, शास्त्रीय नाव असेटिस. तो आहे दशपादांच्याच गटातला, पण चालायच्या पायांच्या शेवटच्या दोन जोड्या त्याला नसतातच. सर सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "तिची मोजणी बरोबर होती, माझा अंदाज चुकला होता." मोटार भरणाऱ्याच्या पोरीला पारनेरात एवढं कुणी म्हटलं नव्हतं. मी समुद्राकडे गेले ती या वाक्यामुळे. डॉल्फिनमुळे नाही.

माझे अब्बा विहिरीवरच्या मोटारी रिवाइंडिंग करायचे. दुष्काळी तालुक्यात हा धंदा चांगला, कारण पाणी खाली गेलं की मोटारी जळतात. लोकांचं दुःख ते आमचं उत्पन्न, असं अब्बाच म्हणायचे आणि उधारी सोडून द्यायचे. बारावी झाली. मी म्हटलं, मला समुद्रातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा आहे, रत्नागिरीला शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, चार वर्षांची पदवी आहे. अब्बा नाही म्हणाले नाहीत. चौकशीला नगरला गेले. तिथं एका एजंटानं गाठलं. "मरीन ना? होऊन जाईल." त्यानं पस्तीस हजार घेतले. अम्मीच्या दोन बांगड्या होत्या त्यात. तीन महिन्यांनी कळलं की तो 'मरीन' म्हणजे बोटीवरच्या नोकरीचा कसलासा कोर्स सांगत होता, आणि तोही कुठे अस्तित्वात नव्हता. ऑफिसला कुलूप. तोवर रत्नागिरीच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या होत्या.

हे मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या समाजात पोरं हुशार असतात, बाप कष्टाळू असतात, पण खिडकीपलीकडे बसलेला माणूस काय बोलतोय हे विचारायला आपण लाजतो. अब्बा लाजले. त्यांना वाटलं, जास्त विचारलं तर अडाणी दिसू. माझं एक वर्ष गेलं, पण खरं नुकसान वेगळंच झालं. घरातल्या बाकीच्यांना बोलायला तोंड मिळालं. फुफू म्हणाली, "मुलगी मासे धरणार का?" एक स्थळही आलं. अब्बांनी ते परत पाठवलं, पण लांब पाठवायची हिंमत त्यांच्यात उरली नाही. जवळच्याच कॉलेजात बीएस्सीला नाव घातलं. प्राणिशास्त्र.

मी रडले. आज मला त्या रडण्याचं हसू येतं. पुढे समजलं, की या देशातले मोठमोठे सागरशास्त्रज्ञ त्याच दारातून गेले आहेत. पदवीच्या पाटीवर 'सागरी जीवशास्त्र' लिहिलेलं असावं असा हट्ट धरू नका. आपल्याकडे हा विषय जास्त करून एमएस्सीला सुरू होतो.

डॉ. सय्यद जहूर कासिम यांचं नाव किती जणांनी ऐकलंय? एक, दोन. कलामसाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक शाळेत आहे, असायलाच हवा, पण कासिमसाहेबांचाही असायला हवा होता. १९२६ साली अलाहाबादला जन्म. तिथं गंगा-यमुना आहेत, समुद्र नाही. शिक्षण अलीगढला, साधं प्राणिशास्त्र. मग ब्रिटनमध्ये वेल्सच्या बँगोरला जाऊन पीएचडी केली, ती किनाऱ्याच्या खडकांत राहणाऱ्या छोट्या माशांवर. परत येऊन कोचीच्या केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे संचालक झाले, नंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेचे. ६ डिसेंबर १९८१ ला गोव्याहून एकवीस जणांची तुकडी घेऊन निघाले आणि ९ जानेवारी १९८२ ला अंटार्क्टिकावर उतरले. भारताची पहिली मोहीम, आणि तिचे नेते हे. पुढे जामिया मिल्लियाचे कुलगुरू झाले. २०१५ साली गेले.

दुसरं नाव अदिती पंत. जन्म १९४३, नागपूर. तिथून तर दोन्ही समुद्र लांब. बीएस्सी कुठं केलं? पुणे विद्यापीठात. पारनेरचं कॉलेज ज्या विद्यापीठाखाली येतं, त्याच. मग हवाई, मग लंडन, मग गोव्याची तीच संस्था. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्री-शास्त्रज्ञ. आता कुणी म्हणेल, त्या औंधच्या राजघराण्यातल्या, वडील अप्पासाहेब पंत राजदूत. खरं आहे. त्यांना जे दार उघडं मिळालं ते आपल्याला ढकलावं लागतं. पण दाराच्या आत गेल्यावर शेवाळातल्या पेशी मोजायच्या असतात, आणि त्या राजकन्येलाही एक-एक करूनच मोजाव्या लागतात.

तर माझं बीएस्सी. तिसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. सगळ्यांनी फुलपाखरं नाही तर गांडुळं घेतली. मी बाजार घेतला. दर महिन्याला अर्धा किलो सुकट विकत आणायची, भिजवायची आणि त्यात जवळा सोडून काय काय आहे ते वेगळं करायचं. हे काम अम्मी सुपात आयुष्यभर करत होती, फक्त ती त्याला कचरा म्हणायची. त्या कचऱ्यात बोंबलाची नखाएवढी पिल्लं निघायची, इवले खेकडे, कधी माकुळाचं पिल्लू, आणि जाळ्याच्या नायलॉनचे हिरवे-निळे धागे. जवळा आणि बोंबील डोल जाळ्यात मिळतात. हे पिशवीसारखं जाळं भरती-ओहोटीच्या धारेत तोंड करून बांधून ठेवतात. शेवटच्या टोकाला त्याची वीण इतकी बारीक की जे आत आलं ते आलं. म्हणजे उद्याचा मोठा बोंबील आज माझ्या बशीत होता. मासे कमी का झाले याची चर्चा मुंबईत चालते. त्याचा एक पुरावा पारनेरच्या बाजारात पन्नास रुपयांना मिळत होता. सुकटवाली मावशी मला फुकट शिकवायची. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते हे मला तिच्याकडून कळलं, पुस्तकातून नंतर.

बीएस्सी झालं आणि कारवारला प्रवेश मिळाला. कर्नाटक विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र तिथं आहे, काळी नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळच. अब्बांनी या वेळी सगळे कागद स्वतः वाचले. इंग्रजी होते ते माझ्याकडून वाचून घेतले. फोन करून खातरजमा केली. मग मला म्हणाले, "पोहता येतं का तुला?"

नव्हतं येत. आपल्याकडे पोरं विहिरीत पोहतात, पोरी काठावर कपडे धुतात. अब्बांना तालुक्यातली प्रत्येक विहीर माहीत, कुठं पायऱ्या आहेत, कुठं कपार आहे. एका ओळखीच्या शेतकऱ्याची विहीर त्यांनी ठरवली. फजरनंतर, उजाडायच्या आत, मला स्कूटरवर घेऊन जायचे. सलवार-कमीज, पाठीला तेलाचे दोन रिकामे कॅन बांधलेले. अब्बा आधी उतरायचे. मी पायरीवर थरथरत उभी. पहिले चार दिवस मी पायरी सोडली नाही. ते काही बोलायचे नाहीत, पाण्यात उभे राहायचे. पाचव्या दिवशी सोडली. महिन्याभरात एक कॅन सुटला, मग दुसरा. गावात बोलणं झालंच. कुणीतरी मशिदीबाहेर अब्बांना टोकलं. ते म्हणाले, "पाण्यात बुडाली तर तुम्ही काढाल का?" त्या पस्तीस हजारांबद्दल अब्बा माझ्याशी एक शब्द कधी बोलले नाहीत. पण मला वाटतं, ते रोज पहाटे त्या विहिरीत तेच फेडत होते.

समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकविसावं सरलं होतं. खरं सांगू? भीती वाटली. आणि वास आला, तो ओळखीचा होता. सुकटीच्या गोणीचा.

आता मुलांनो, तुमच्या डोक्यात जे चित्र असेल ते जरा बाजूला ठेवा. टीव्हीवर निळ्या पाण्यात सूर मारणारा शास्त्रज्ञ दिसतो. तसं काम काही थोड्या लोकांच्या वाट्याला येतं. आमचं काम म्हणजे पहाटे चारला उठून ओहोटीच्या खडकांवर चौकट टाकायची आणि तिच्या आत काय आहे ते मोजायचं. वरच्या पट्ट्यात बारीक गोगलगायी, त्याखाली कालवं, त्याच्याही खाली शेवाळ. प्रत्येकाची हद्द ठरलेली, गावातल्या आळ्यांसारखी. फक्त इथं ती हद्द कोरडं पडणं कोण किती सोसतो यावर ठरते. पाय कापतात, फॉर्मालिननं डोळे चुरचुरतात. मग पाच-सहा तास सूक्ष्मदर्शकाला डोळा. ज्याला मोजायचा कंटाळा त्यानं या वाटेला जाऊ नये.

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यांत जास्त मागं जातं. आमची खडकांवरची फेरी त्याच दिवसांत. दादी घरी चाँदची तारीख तोंडपाठ ठेवायची. मी फोन केला की ती आधीच सांगायची, "कल परसों जाना पडेगा तुझे." शाळेत न गेलेली माझी दादी पारनेरात बसून कारवारची ओहोटी सांगायची! तिला भरती-ओहोटी म्हणजे काय हे माहीत नव्हतं, पण चंद्र माहीत होता.

कारवारला माझ्या खोलीत रत्नागिरीची एक मुलगी होती. दालदी मुसलमान, घरच्या बोटी. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, त्यांच्याकडे झिंगा, कालव चालतं. तिनं डब्यातून कोळंबी काढली आणि मी दादीचा मसला सांगितला. ती म्हणाली, "तुमचं पाणी कमी म्हणून नियम जास्त." वर्गात ज्या माशाचं लॅटिन नाव पाठ करायला मला रात्र लागायची तो ती शेपटीवरून ओळखायची. पण तिच्या घरून एमएस्सी करणारी ती पहिलीच होती. बोट भावाची, पुस्तक हिचं. तिला लग्नाच्या बाजारात 'दालदी' म्हणून काय ऐकावं लागायचं ते मी इथं सांगत नाही. आपल्यात जात नाही असं म्हणणाऱ्यांनी एकदा ऐकावं.

आता पालकांचा प्रश्न. नोकरी लागते का? मी गोड बोलणार नाही. पहिली काही वर्षं पगार थोडा असतो, काम प्रकल्पावर असतं, प्रकल्प संपला की नवीन शोधायचं. मासळी निर्यात करणाऱ्या कारखान्यांच्या प्रयोगशाळा, कोळंबीची बीजकेंद्रं, किनाऱ्यावर बंदर किंवा कारखाना येणार असेल तर आधी पाहणी करणाऱ्या संस्था, मत्स्यव्यवसाय खातं, आणि माझ्यासारखं कॉलेजात शिकवणं. पीएचडीच्या मुलांना मौलाना आझाद फेलोशिपचा आधार होता. केंद्र सरकारनं ती डिसेंबर २०२२ मध्ये बंद केली. त्यामुळे आता नेटची तयारी एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून करा.

आणि हे शिक्षण पारनेरला उपयोगाचं नाही असं समजू नका. आज तालुक्यात जिकडं तिकडं प्लास्टिक घातलेली शेततळी आहेत. कुणी त्यात रोहू-कटला सोडतो. मागच्या पावसाळ्यात सुट्टीला आले होते, तर एका तळ्यात सकाळी सगळे मासे पालथे पडले होते. मालक म्हणाला, चुलतभावानं विष टाकलं. बांधावर काठ्या निघाल्या होत्या. मी पाण्याचा हिरवा रंग बघितला आणि विचारलं, दोन दिवस आभाळ होतं का? होतं. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री मात्र स्वतःच तो खर्च करतं. आभाळ असलं की दिवसाची शिल्लक कमी पडते आणि पहाटेला मासे गुदमरतात. दुसऱ्या पहाटे पाच वाजता शेजारच्या तशाच तळ्यावर त्या दोघा भावांना घेऊन गेले. मासे वर येऊन तोंडं उघडून हवा घेत होते. दोघं बराच वेळ बघत राहिले. मग मालकानं पंप लावून पाण्याचा फवारा सुरू केला. चुलतभावाची मोटार होती ती.

थोडं कामाचं बोलते. अकरावीला बायोलॉजी सोडू नका. गणिताच्या नादानं पुष्कळ जण सोडतात आणि मग दार बंद होतं. बारावीनंतर सरळ जायचं तर बीएफएस्सी, चार वर्षं: रत्नागिरीचं शिरगाव दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखाली, आणि नागपूर व उदगीरची महाविद्यालयं पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली. त्यात समुद्र आहे, गोडं पाणीही आहे, जाळी-बोटी आहेत, प्रक्रिया आहे. ते नाही जमलं तर बीएस्सी प्राणिशास्त्र इथंच करा, नीट करा, आणि मग कारवार, गोवा, कोची, तामिळनाडूत परंगीपेट्टई. एमएफएस्सी करायचं तर मुंबईला वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था. तांबोळी, बागवान, आतार, पिंजारी, ज्यांना ओबीसीचा दाखला मिळतो त्यांनी तो आणि नॉन-क्रीमीलेयर आत्ताच काढून ठेवा. निकालाच्या दिवशी तहसीलची रांग बघून रडू नका. आणि पैसे कुणाच्या हातात रोख देऊ नका. पावती मागा. लाज वाटली तरी मागा.

काल संध्याकाळी एक मुलगी मला भेटली. नाव सांगत नाही, ती इथं बसलेली आहे. मार्क चांगले आहेत, रत्नागिरीचा अर्ज भरलाय, घरात दोन मतं आहेत. मी तिला म्हटलं, अम्मीला घेऊन ये. दादी असेल तर तिलाही.

माझी एसटी साडेपाचला आहे. तोवर मी या टेबलाशी बसते. या डबीत सकाळीच बाजारातून घेतलेली सुकट भिजत घातली आहे, आणि हे भिंग. पाय मोजा आणि किती भरले ते मला सांगा.